नमुना क्रमांक एकशे अठरा

पिशवी उघडली तेव्हाच वासाने सांगितलं,
हे जरा जास्तच चांगलं आहे.
काळीभोर, भुसभुशीत, चिमटीतून मऊ सुटणारी.
चंचुपात्रात नारिंगी रंग ओतला
तर तो बघता बघता हिरवा पडला,
मी चष्मा पुसून निम्मी माती घेऊन पुन्हा केलं.
सेंद्रिय कर्ब : एक पूर्णांक नऊ दशांश.

चिठ्ठीवर पेन्सिलीने :
हौसाबाई बोरस्ते, उगाव.
द्राक्ष, थॉमसन, अकरा वर्षांची बाग.

बावीस वर्षं माती तपासतोय.
निफाड तालुक्यात
अकरा वर्षांच्या बागेत अशी माती
मला अजून भेटलेली नाही.

रविवारी स्कूटर काढली.

बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या.
लपवलं काहीच नाही.
"उकिरड्याशेजारची आहे," म्हणाल्या,
"पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर
पोरीला काय कामाच्या लुगड्यात उभी करायची?"

मला उत्तर सुचेना.
मग म्हटलं, मी पाहुणा नाही, दाई समजा.
त्या उठल्या. खुरपं घेतलं.

बांध सोडा. खताचा ढीग सोडा.
व्हॉल्व्ह गळतो ती ओल सोडा.
ओळींतून नागमोडी चाला, सापासारखं.
वरचा पाला हातानं बाजूला,
वीतभर खोल, व्हीच्या आकाराचा खड्डा,
आणि कडेची बोटभर जाड खाप
वरपासून तळापर्यंत.

लोखंडी घमेलं नको म्हटल्यावर
त्यांनी दळणाचं प्लॅस्टिकचं टोपलं आणलं,
तोंड वाकडं करून.

दहा ठिकाणची माती गोणपाटावर पसरली,
भाकरीसारखी गोल, चार चतकोर.
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे.
उरलेली परत पसरायची, परत दोन टाकायचे,
अर्धा किलो उरेपर्यंत.
"भावकीतही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या,
आणि टाकलेली माती
ओंजळीनं उचलून वेलीच्या बुडाशी ठेवून आल्या.

तीन दिवस सावलीत वाळवली. मग आकडे आले.
कर्ब शून्य पूर्णांक अडतीस शतांश.
सामू साडेआठला टेकलेला.
पालाश भरपूर.
चुनखडी चौदा टक्के.

शेंड्याचं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या,
हे त्या चार वर्षं बघत होत्या
आणि दुकानदार दरवर्षी नवी बाटली देत होता.
मी सांगितलं, लोह आहे मातीत,
पण चुन्याच्या मुठीत आहे.
त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.
अक्षरं येत नव्हती त्यांना, आकडे येत होते.
अडतीसवर बोट ठेवलं,
एक पूर्णांक नऊवर ठेवलं,
आणि मधल्या कोऱ्या जागेवरून
बोट हळूच फिरवलं.

एप्रिल छाटणीच्या काड्या त्या वर्षी पेटवल्या नाहीत.
बारीक करून वेलींखाली अंथरल्या.
जूनमध्ये ओळींच्या मधून ताग पेरला.
कमरेएवढा झाला, पिवळा फुलू लागला,
तसा मी फोन केला : आता गाडा.
पलीकडून नुसता श्वास.
"फुलावर आलेलं?"
हो. फुलावर आलेलंच.
दाणा भरला की ते स्वतःचं होतं,
मातीचं राहत नाही.
त्यांनी ट्रॅक्टर बोलावला
आणि म्हणे, दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी पिशवी आली.
शून्य पूर्णांक चव्वेचाळीस.
सहा शतांश!
शेजारचा शिरीष हसला असणार.
हसू दे, एवढ्यात हेच मिळतं,
त्यातलंही उन्हाळा निम्मं मागून नेतो.
पान अजून थोडं पिवळंच होतं.

चिठ्ठी नातीच्या अक्षरात होती, शब्द बाईंचेच :
"बागेतली आहे. दहा खड्डे.
टोपलं परत पाठवा."

एकशे अठरा नंबरची उरलेली माती
मी फेकली नव्हती.
प्रयोगशाळेच्या खिडकीत, फुटक्या बरणीत.
उकिरड्यातून आलेलं काहीतरी उगवलंय त्यात,
बहुतेक दोडका.
वेल गजाला धरून वर निघालाय,
आणि टोपलं अजून माझ्याकडेच आहे.